मापाडी, क्रमांक दोन

नायक माझ्याकडे एकही नाही.
नायक सगळ्यांकडे असतात,
सेल घातला की त्यांच्या बंदुका चमकतात.

माझ्याकडे इंधनपंपावरचा गडी आहे,
जो वळून बघतो आणि चित्रपट पुढे निघून जातो.
तुरुंगातली स्वयंपाकीण आहे, चार हातांची,
चारही हातांत मिळून एकच पळी.
निळ्या कातडीचा एक कारकून आहे
ज्याचे पाय मुळात कप्तानाचे.
कारखान्यात साचा शिल्लक होता,
वरचं धड तेवढं बदललं.
उसन्या पायांवर उभा आहे चाळीस वर्षं,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.

ड्युलूथमध्ये हिवाळा ऑक्टोबरात येतो
आणि निघतो निघतो म्हणत
दाराशीच बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखा
मेपर्यंत हलत नाही.
मी रात्री बर्फ लोटायची गाडी चालवतो.
सकाळी लोक उठतात, रस्ता मोकळा असतो.
तो मोकळाच असतो, असं त्यांना वाटतं.

मापाडी क्रमांक दोन मला सव्वीस वर्षं मिळाला नाही.
म्हणजे मिळायचा, पण ताजव्याशिवाय.
चित्रपटात तो तीन सेकंद आहे:
मालतळावर, मागे, धुरात,
एका पेटीकडे बघून मान हलवतो. नाही म्हणून.
का नाही, ते कुणी विचारत नाही,
लगेच स्फोट असतो.
पटकथेत त्याला नाव नव्हतं,
पण पुठ्ठ्यावर काहीतरी छापावं लागतं.
सोबत ताजवा द्यायचे, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा.
पहिल्याच दिवशी तो गालिच्यात जायचा,
नाहीतर कुत्र्याच्या पोटात.

मार्चमध्ये एव्हलेथला, खाणीच्या गावात,
एका घरातलं सामान विकायला काढलं होतं.
बुटांच्या खोक्यात, खडूंच्या तुकड्यांखाली, तो.
पावलांवर दातांच्या खुणा.
एक भुवई पेनाने काढलेली, दुसरी राहून गेलेली.
आणि उजव्या मुठीला शिवणाच्या काळ्या दोऱ्याने,
सात वेढे, वर गाठ,
बांधलेला ताजवा.

दोरा म्हणजे निम्मी किंमत गेली.
काढायला जावं तर रंग निघणार,
मग उरलेलीही.
मी भाव विचारला, आवाज होईल तितका कोरडा ठेवून.

"हा होय," सेल्मा कांगास म्हणाली,
"रेइनोचा. माझ्या भावाचा. त्याला हाच लागायचा.
बाकीचे सारखे मरायचे ना. ह्याला कुणी मारत नाही."
मग म्हणाली, "ह्याला तो काहीतरी वेगळंच म्हणायचा."
खिडकीबाहेर बघत राहिली.
लाल मातीचे ढिगारे, वर बर्फ.
"नाही आठवत. दोन डॉलर द्या."

मी वीस दिले.
आठवलं तर कळवा म्हणून नंबर लिहून दिला.
खरी किंमत सांगितली नाही,
तेही इथे लिहून ठेवतो.

काचेच्या कपाटात त्याची जागा होती,
चिठ्ठी लावलेली, रिकामी, सत्त्याण्णवपासून.
तिथे तो उभा राहिला
सगळ्या धुतल्या-पुसल्या मंडळींत
चुकीच्या लग्नाला आल्यासारखा.

एप्रिलमध्ये शेवटचं मोठं वादळ.
पहाटे तीनला, सरोवराकडच्या उतारावर
फोन वाजला, मी उचलला नाही,
दोन्ही हात गुंतले होते.
निरोप नंतर ऐकला:
"सेल्मा बोलतेय. झोप येत नव्हती. आठवलं.
एइनोकाका.
आमचा काका खाणीवर गाड्या तोलायचा.
भरलेली गाडी काट्यावर आली की
आधी मान हलवायचा, नाही म्हणून,
मग हसून सोडायचा.
एवढंच. ठेवते."

गाडी बाजूला घेतली. वायपर चालूच होते.

कपाटातली चिठ्ठी बदलली नाही.
पुठ्ठ्यावरचं नाव पुठ्ठ्याला राहू दे.
तो आता गाडीत असतो, हीटरच्या जाळीपाशी.
ऊब लागून दोरा जरा सैल झालाय.
खड्डा आला की ताजवा हलतो,
कधी ह्या बाजूला, कधी त्या.
काय तोलतो कोण जाणे.
समोर पांढरं.
मी पातं खाली घेतो.